मिमा आत्याचा मुक्याचा ताप

आमच्या बेटावरच्या प्रत्येक बाईचं वजन मिमा आत्याला माहीत होतं, आणि म्हणून अर्ध्या बायका तिच्याशी जरा जपूनच बोलायच्या.

तिचं पूर्ण नाव टोमिमा सीटर. माझ्या नवऱ्याची, एरिकची, सख्खी आत्या. कर्कवॉलहून, म्हणजे आमच्या ओर्कनी बेटांतल्या मुख्य गावाहून, येणारं आठ माणसांचं विमान आमच्याकडे ज्या धावपट्टीवर उतरतं, तिथे तिने एकतीस वर्षं नोकरी केली. तिथे एक पत्र्याची खोली, एक आगीचा बंब आणि एक वजनकाटा, एवढाच विमानतळ. विमान लहान, त्यामुळे वजनं बघून माणसं बसवावी लागतात. नियम असा की प्रवाशाला वजन विचारायचं. आत्या विचारायची, आणि उत्तराकडे लक्ष न देता मनाने आकडा लिहायची.

लग्न होऊन मी इथे आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात मला कर्कवॉलला जायचं होतं. मी पासष्ट किलो सांगितलं. तिने एकोणसत्तर लिहिलं.

"आत्या, पासष्ट म्हणाले मी."

"ते लग्नाआधीचं," ती मान वर न करता म्हणाली. "एरिकला खोटं सांग हवं तर. विमानाला चालत नाही."

घरी येऊन मी काट्यावर उभी राहिले. एकोणसत्तर. त्याला आता तीस वर्षं झाली. मी स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या पर्थची, म्हणजे अजूनही इथल्यांच्या लेखी बोटीतून उतरलेली बाई, पण त्या दिवसापासून आमचं जमलं ते जमलंच.

तिच्या तापाची गोष्ट मी यायच्या कितीतरी आधीची आहे. ती बेटावर सगळ्यांना पाठ आहे, आणि प्रत्येकाची थोडी वेगळी आहे. मी सांगते ती एरिकच्या आजीकडून, म्हणजे आत्याच्या आईकडून ऐकलेली.

सदुसष्ट सालच्या नोव्हेंबरात आत्याच्या चुलत बहिणीचं लग्न झालं. आत्या सतरा वर्षांची, नवरीची करवली. हॉलमध्ये पहाटेपर्यंत नाच. नवीन वर्ष उजाडलं आणि पोरगी आडवी झाली. ताप, घसा लाल, मान सुजून कानापर्यंत आलेली, दुधाची बादली उचलवेना. डॉक्टर आले, गळा चाचपला, पोट दाबलं आणि खोलीत आत्याची आई, आत्याची आजी आणि अंडी द्यायला आलेली शेजारीण अशा तिघी उभ्या असताना म्हणाले, "ग्रंथींचा ताप आहे. तोंडातून तोंडात जातो. तरुण मंडळी याला मुक्याचा ताप म्हणतात."

शेजारणीने अंड्यांची टोपली तिथेच ठेवली आणि निघाली. दुपारपर्यंत बेटाच्या दोन्ही टोकांना बातमी पोचली होती.

"कोण तो?" आईने विचारलं.

"कोणी नाही."

"कोणी नाही? मग काय वाऱ्यावर आला ताप?"

"आपल्याकडे वारा बराच असतो," आत्या म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

आईने तीन महिने विचारलं. शाळेचा मास्तर, पलीकडच्या शेतावरचे दोघे भाऊ, बंदरात दोन दिवस थांबलेला एक नॉर्वेजियन खलाशी, सगळ्यांची नावं घेऊन झाली. ताप मुक्याचा आणि पोरगी मुकी. शेवटी आई एवढंच म्हणाली, "एका मुक्याचं जन्मभर फेडशील." वसंतात आत्या उठली, दुबळी पण हसरी, आणि दोन वर्षांनी धावपट्टीवर नोकरीला लागली. लग्न तिने केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "मला पसंत पडले ते सगळे वजनात बसले नाहीत."

तिला दुसरा आजार झाला तो एकतिसाव्या वर्षी. एका सकाळी विमान उतरलं आणि तिला वाटलं, शेपटीवरचा लाल रंग कोणीतरी घासून फिका केलाय. उजवा डोळा झाकला तर रंग फिका, डावा झाकला तर ठळक. तिने वैमानिकाला विचारलं, "विमान धुतलंत का?" तो म्हणाला नाही. पुढच्या महिन्यात पाय बधिर झाले, दुसऱ्या कोणाचे बूट घातल्यासारखे. अ‍ॅबरडीनच्या मोठ्या इस्पितळात दोन आठवडे ठेवून तपासलं आणि सांगितलं, एमएस, मल्टिपल स्क्लेरोसिस.

आमच्या बेटांवर एमएस म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याच रक्तातले पहारेकरी आपल्याच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतात. कोणाचा डोळा जातो, कोणाचा हात, कोणाचे पाय. ओर्कनीत तो जगातल्या जवळजवळ कुठल्याही जागेपेक्षा जास्त आहे. आत्याच्या शाळेच्या वर्गात अकरा मुलं होती आणि त्यांतली हा आजार झालेली ती दुसरी. का होतो, याबद्दल ज्याचं त्याचं मत होतं. मेंढ्यांमुळे. कुत्र्यांना रोग होतो त्यामुळे. ऊन नाही म्हणून. न तापवलेलं दूध प्यायल्यामुळे. तिच्या आईचं मत, ओल्या केसांनी आगीचा बंब धुतल्यामुळे.

आत्या काठी घेऊन कामावर जात राहिली, आणखी वीस वर्षं. काठी ती वजनकाट्याला टेकवून ठेवायची. बेटावरच्या बायकांची ठाम समजूत होती की त्यांचे जास्तीचे दोन किलो त्या काठीचे आहेत.

मी तिला नीट ओळखायला लागले ती चाकाची खुर्ची आल्यावर. रोज सकाळी मी तिच्याकडे जायची, तिला उठवायला, जवाची भाकरी आणि चहा द्यायला, आणि दोन बोलणी खायला. दोन हजार बावीस सालच्या मे महिन्यात अशीच बसलो होतो आणि रेडिओवर एक कार्यक्रम लागला. अमेरिकेत सैनिकांचं वर्षानुवर्षं साठवलेलं रक्त तपासलं, तेव्हा असं दिसलं की ज्यांना एमएस झाला, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाला आधी एक ठरावीक विषाणू होऊन गेला होता. तोच तो, ग्रंथींच्या तापाचा.

आत्याची भाकरी हातातच राहिली.

"म्हणजे आई बरोबर होती," ती म्हणाली. "जन्मभर फेडशील म्हणाली होती. बाईला विज्ञान येत होतं आणि आम्हाला पत्ता नाही." आणि ती खोकला येईपर्यंत हसली. मी पाठ चोळली. हसणं थांबल्यावर तिने मला रेडिओ बंद करायला सांगितला.

त्यानंतर चौथ्या दिवशी दारात बेंजी हारकस उभा. हातात बादली, बादलीत दोन जिवंत शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर.

बेंजी म्हणजे नेदरगार्थ शेतावरचा. तरुणपणी मालवाहू जहाजांवर होता, स्ट्रॉमनेस बंदरातली बायको केली, तिला घेऊन परत आला. ती सहा वर्षांपूर्वी गेली. आता समुद्रात शेवंडांचे दहा-बारा सापळे टाकतो आणि मिळालेला माल कर्कवॉलच्या हॉटेलांना पाठवतो. कंजूष इतका की सख्ख्या बहिणीला कधी खेकड्याची नांगी दिली नाही.

"जास्तीची मिळाली," तो म्हणाला, बादली ठेवली आणि गेला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा, आणि वर आत्याच्या दाराला त्याने न सांगता रंग लावला. "याला काहीतरी झालंय," आत्या म्हणाली. "डॉक्टरने मुदत दिली असेल." चौथ्या आठवड्यात तो आत आला, टोपी काढली, खुर्चीच्या कडेवर बसला. मी किटली घेऊन मध्येच उभी, जावं की थांबावं कळेना.

"मिमा, तो मी होतो."

"कोण तू होतास?"

"ते रेडिओवरचं. सदुसष्ट साल. हॉलच्या मागे, कोळशाच्या खोलीपाशी." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "डिसेंबरात मी बोटीवर गेलो. तू आजारी पडलीस ते मला वर्षभराने कळलं. ताप ठीक आहे गं, तो जातो. पण आता हे म्हणतात की पायसुद्धा... तुझे पाय मी घेतले, मिमा."

आत्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं मी तिला ओळखते, पण त्या क्षणी तिला रडू येणार की हसू, ते मला सांगता आलं नसतं.

"किती शेवंडं झाली आतापर्यंत?" तिने विचारलं.

"आठ."

"आठ शेवंडांत दोन पाय. स्वस्तात सुटतोयस की रे."

"मिमा, मी चेष्टा करत नाही."

"मीही नाही. पुढच्या आठवड्यात जरा मोठी आण, मग बघू."

तो गेल्यावर मी तिच्यावर चिडले. "त्याला सांगायचंत ना, की तुझा दोष नाही म्हणून. म्हातारा झोपत नसेल रात्रीचा."

"सांगणार आहे," ती म्हणाली. "पण शेवंडं सप्टेंबरपर्यंत चांगली मिळतात."

त्या उन्हाळ्यात बेंजीने तिच्या अंगणातला उतार सपाट केला, गटार साफ केलं, आणि खुर्चीच्या चाकांना असलं तेल घातलं की ती ब्रेक लावूनही सरकायला लागली. आत्याने सगळं करवून घेतलं. संध्याकाळी तो गेला की ती गंभीर व्हायची आणि म्हणायची, "बिचारा. उद्या खिडक्यांचं सांगते."

ऑगस्टमध्ये एडिंबराहून रक्त गोळा करणारी मंडळी आली. त्यांची प्रमुख डॉ. शिओना, तिशीची, लहान चणीची, पायात गावात घेतलेले नवे रबरी बूट. हॉलमध्ये चहा आणि चीज ठेवलं होतं, म्हणून सगळं बेट आलं. तिने समजावून सांगितलं. शरीरातले पहारेकरी विषाणूचा एखादा तुकडा बघून त्याची ओळख पक्की करतात. या विषाणूचा एक तुकडा आपल्या मज्जातंतूंजवळच्या एका पदार्थासारखा दिसतो. काही लोकांच्या पहारेकऱ्यांना मग दोघांतला फरक कळत नाही.

"कुत्रा," आत्या मागून म्हणाली.

"काय म्हणालात?"

"माझ्या बापाचा कुत्रा. पिवळ्या रेनकोटातला एक चोर त्याला एकदा चावायला मिळाला. त्यानंतर पाऊस पडला की बापाला घरात येता यायचं नाही."

डॉ. शिओनाने ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली की कुत्रा किती तिखट असणार, हे आईबापांकडून आलेल्या जनुकांवर बरंच ठरतं. पहाऱ्याची अशीच जनुकं दुसऱ्याही आजारांत दिसतात. "या घराण्यांत आणखी कोणाला थायरॉइड? लहानपणापासून साखर? सांधे?" हात वर गेले. एरिकच्या बहिणीचा गेला, बेंजीच्या बहिणीचा गेला, पाद्रीबाईंचा गेला. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. इतकी वर्षं ज्याचं दुखणं त्याचं म्हणून बसलो होतो, आणि ही सगळी दुखणी एकमेकांची चुलत भावंडं निघाली.

"असली जनुकं आमच्याकडे ठेवलीच कोणी?" कोणीतरी विचारलं.

"बहुधा ती कधीतरी उपयोगी होती," ती म्हणाली. "जुन्या साथींमध्ये तिखट पहारा असलेले लोक जगले असतील. हा अंदाज आहे, खात्री नाही."

तेवढ्यात बेंजी उठून उभा राहिला. "समजा एखाद्याने एखादीला तो ताप दिला," तो म्हणाला. "समजा. तर पुढच्या सगळ्याला तो जबाबदार का?"

हॉलमधल्या सगळ्या माना आधी त्याच्याकडे आणि मग आत्याकडे वळल्या. पंचावन्न वर्षांचं कोडं चहाच्या वेळेला सुटलं. बेंजीच्या बहिणीने हातातलं चीज खाली ठेवलं.

"नाही हो," डॉ. शिओना म्हणाली. तिला काही कळलं नव्हतं. "शंभरातल्या पंचाण्णव लोकांच्या अंगात हा विषाणू असतो. बहुतेकांना लहानपणीच, आईच्या उष्ट्या चमच्यातून येतो, आणि काहीच होत नाही. उशिरा, तरुणपणी आला तर ताप येतो. एमएस त्यातल्या फार थोड्यांना होतो. विषाणू लागतो, जनुकं लागतात, आणि आणखी काय लागतं ते आम्हालाही पुरतं माहीत नाही. देणाऱ्याला तर बिचाऱ्याला आपण देतोय हेही माहीत नसतं. हवं तर तुमच्या रक्तात तो आहे का, एवढं मी तपासून कळवीन."

बेंजीने सगळ्यांत आधी बाही वर केली.

सहा आठवड्यांनी तो पाकीट घेऊन आला. त्याला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं आणि चष्मा लावायचा धीर होत नव्हता. आत्याने वाचलं, पुन्हा वाचलं.

"तुझ्या अंगात तो नाही. कधी शिरलाच नाही. शंभरातल्या पाचांत आहेस तू."

"म्हणजे?"

"म्हणजे तू मला काही दिलेलं नाहीस. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. ही शेवंडं सोडून."

बेंजीचे खांदे खाली आले. त्याने डोळे पुसले, दोनदा नाक शिंकरलं. मी चहा ओतला. त्याने अर्धा कप प्यायला आणि मग त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"मग कोण?" तो म्हणाला.

"काय कोण?"

"म्हणजे त्या महिन्यात दुसरं कोणीतरी..."

"त्र्याहत्तर वर्षांचा आहेस, बेंजी."

"तो नॉर्वेजियन होता ना? मला तेव्हाच वाटलं होतं."

आत्याने भाकरीला लोणी लावायला घेतलं. बेंजी उठला, टोपी घातली, आणि दाराजवळ ठेवलेली शेवंडांची बादली उचलून घेऊन गेला.

त्यानंतर तीन आठवडे तो फिरकला नाही. दरम्यान डॉ. शिओना जास्तीचे नमुने घ्यायला पुन्हा आली आणि आत्याला त्या लग्नाबद्दल विचारू लागली. आत्याने सांगितलं की नवरीचा कॉग फिरला होता. कॉग म्हणजे लाकडी कानांचं मोठं भांडं. त्यात गरम बिअर, व्हिस्की, साखर, मिरी. आधी नवरी पिते, मग ते हातोहात सगळ्या हॉलभर फिरतं, आणि प्रत्येकजण त्याच कडेला तोंड लावतो.

"दोनशे माणसं होती," आत्या म्हणाली. "मी करवली. भांडं परत आलं की तळाचं संपवायचं काम माझं. सगळ्या बेटाचं उष्टं मी एकटीने प्यायले. तीनदा."

डॉ. शिओनाने पेन खाली ठेवलं आणि मोठ्याने हसली. "मग आईला हे का नाही सांगितलंत?"

"आई विचारत होती, कोण. दोनशे नावं सांगायची का? शिवाय सतरा वर्षांच्या पोरीला, दोनशे जणांच्या उष्ट्याने आजारी पडले म्हणण्यापेक्षा मुक्याने पडले म्हटलेलं बरं दिसतं. मला ती अफवा आवडत होती. माझ्याबद्दल दुसरी कुठली नव्हतीच."

मी बेंजीला हे सांगावं म्हणून मागे लागले. आत्या म्हणाली, "अजून पंधरा दिवस जळू दे. माझ्यासाठी कोणी जळलेलं नाही बऱ्याच दिवसांत." मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी बंदरावर गाठून मी त्याला सगळं सांगितलं. त्याने सापळ्याची दोरी गुंडाळता गुंडाळता ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कॉग मीपण प्यायलो होतो. मला कसा नाही झाला?" संध्याकाळी तो आत्याच्या दारात होता, या वेळी बादली नाही, नुसताच.

पुढच्या फेब्रुवारीतली गोष्ट मला सांगायला तितकी सोपी जात नाही. आमची कर्स्टी तेव्हा एकोणीस वर्षांची, अ‍ॅबरडीनला शिकत होती. तिचा फोन आला की घसा दुखतोय, मान सुजलीय, विद्यापीठाच्या डॉक्टरने रक्त तपासलंय. ग्रंथींचा ताप. तिला बोटीतून घरी आणलं. दोन आठवडे ती झोपून होती आणि मी तिच्या दाराबाहेर उभी. सीटर घराण्याचं रक्त, तोच विषाणू, तेच वय. हॉलमध्ये वर गेलेले हात मला दिसत राहायचे.

एका सकाळी आत्याला उठवताना मी तिच्या पलंगावरच बसले आणि रडले. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल, चिमटा काढेल. तिने माझा हात धरला. तिच्या बोटांत आता जोर नाही, त्यामुळे धरलेलं कळतसुद्धा नाही.

"आमच्या वर्गात अकरा होतो," ती म्हणाली. "विषाणू तर त्यातल्या दहांच्या अंगात असणार. रक्तही सगळ्यांचं एकमेकांत मिसळलेलंच. दोघींना झालं. बाकीचे नातवंडांच्या मागे पळतायत. तू त्यांच्याकडे बघ की."

"आणि झालं तर?"

"झालं तर मी आहे. मला त्यातलं सगळं येतं. आणि आताची औषधं माझ्या वेळेला नव्हती. चाळीस वर्षं मला वाटायचं, मीच काहीतरी केलं म्हणून झालं. बंब धुतला म्हणून, दूध प्यायले म्हणून, हसत होते म्हणून. तसं तिला वाटू देऊ नकोस. एवढंच काम आहे तुझं."

कर्स्टी बरी झाल्यावर आत्याने तिला बोलावून घेतलं आणि मला बाहेर काढलं. तासभर दोघी दार लावून बसल्या. मध्येच आतून हसण्याचा असा आवाज आला की मी कान दाराला लावला, पण ऐकू काही आलं नाही. नंतर दोघींना विचारलं. दोघी म्हणाल्या, वारा होता.

कर्स्टी आता बावीसची आहे. एकदा डोळा दुखला तेव्हा मी तिला तीन डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यात कुसळ गेलं होतं. एडिंबराहून अजून पत्रं येतात, आमच्या रक्ताबद्दल त्यांना दर वर्षी काहीतरी नवं कळतं, आणि दर वर्षी ते लिहितात की अजून पुष्कळ कळायचं आहे. आत्याचा उजवा हात गेल्या हिवाळ्यापासून चालत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी बेंजी येऊन तिला जेवण भरवतो. फार हळू भरवतो, ती म्हणते, आणि चमचा तिच्या तोंडात द्यायच्या आधी स्वतः चाखून बघतो. मी त्याला एकदा बाजूला घेऊन समजावलं की असं उष्टं करू नये. तो म्हणाला की गरम आहे का ते बघतो, आणि त्याच्यात काही नाही, त्याच्याकडे पत्र आहे.